नामावळी आणि चाळणी : त्र्यंबकेश्वरच्या वह्यांत माणूस कसा सापडतो

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, कुशावर्ताजवळच्या एखाद्या वाड्याच्या ओसरीवर परगावचा मनुष्य येऊन टेकतो. वडिलांचे श्राद्ध करावयाचे असते. पुरोहित त्याला आधी विधीविषयी काहीच विचारत नाहीत. ते विचारतात : मूळ गाव कोणते? आडनाव? ज्ञाती? कुलदैवत? मग आतून कापडात बांधलेले एक बाड येते, गाठ सुटते, पाने उलटली जातात आणि थोड्याच वेळात त्या मनुष्यापुढे त्याच्या आजोबांची सही असते. आजोबांसोबत आलेल्या भावांची नावे असतात. पणजोबांचे नाव असते, जे कदाचित त्याने स्वतः कधी ऐकलेलेही नसते.

ऐकणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. त्यामागची शिस्त समजून घेण्यास संगणकाच्या पडद्यावरील एक अगदी नित्याची कृती उपयोगी पडते : डेटाबेसमधील तक्ता उघडणे, त्यातून वरखाली फिरणे आणि नको त्या ओळी चाळणी लावून दृष्टीआड करणे. ज्यांनी महाविद्यालयात एखादा तक्ता उघडून स्तंभाच्या माथ्यावरचा तो लहानसा बाण दाबला आहे, त्यांना त्र्यंबकच्या नामावळ्या परक्या वाटू नयेत. (धागा दीर्घ आहे.)

प्रथम स्थळाविषयी थोडे. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, गोदावरीचे उगमस्थान, निवृत्तिनाथांची समाधी आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ, अशी या क्षेत्राची चार ओळखपत्रे. आजचे काळ्या पाषाणाचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. परंतु या धाग्याचा विषय देवालय नाही. देवालयाभोवतीच्या घरांत पिढ्यानुपिढ्या साठत गेलेले कागद हा आहे.

हे कागद तीर्थोपाध्यायांचे, म्हणजे क्षेत्रोपाध्यायांचे. प्रत्येक घराण्याचे यजमान ठरलेले असत. अमुक गावचे, अमुक ज्ञातीचे, अमुक आडनावाचे लोक आले की ते अमक्याच घरी उतरणार. हा हक्क म्हणजे वृत्ती. तो वडिलांकडून मुलाकडे येई, भावाभावांत वाटला जाई. आता प्रश्न असा की, शंभर कोसांवरून पंचवीस वर्षांनी उगवलेला यजमान आपलाच आहे हे सिद्ध कशाने करावयाचे? त्याच्या वडिलांच्या सहीने. म्हणून नामावळी लिहिली गेली. वंशावळी जतन करण्याचा उदात्त हेतू मागाहून चिकटला. मुळात ती हक्काची नोंदवही होती, आणि ती इतकी काटेकोर राहिली याचे कारण तिच्यावर घर चालत होते. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही, मुंबई इलाख्याच्या त्या मालिकेतील सोळाव्या खंडाने, तीर्थोपाध्यायांच्या या पिढीजात यजमानांची आणि त्यांच्या वह्यांची दखल घेतली आहे.

नोंदीत काय असते? येणाऱ्याचे नाव, बापाचे, आजाचे, शक्य तर पणजाचे. भाऊ, चुलते, मुलगे. पुष्कळदा बायकोचे नाव. मूळ गाव आणि राहते गाव वेगळे असेल तर दोन्ही. येण्याचे कारण : श्राद्ध, अस्थिविसर्जन, सिंहस्थस्नान, नारायणनागबळी. तिथी आणि शक. शेवटी, लिहिता येत असेल तर, यजमानाचे हस्ताक्षर. जुना मजकूर बहुधा मोडीत, अलीकडचा बालबोधीत.

हे सारे एका तक्त्यात मांडून पाहा. प्रत्येक भेट ही एक ओळ. नाव, बाप, गाव, ज्ञाती, कारण, शक हे स्तंभ. कागदावर स्तंभांच्या उभ्या रेघा नसतात, मजकूर सलग वाक्यांत वाहतो, पण रचना तीच. वाचणाऱ्याच्या मनात रेघा आखलेल्या असतात.

तक्ता दाखवणारा कोणताही प्रोग्राम मुख्यतः तीन कामे करून देतो. एक, लाखो ओळींपैकी काहीशे ओळी पडद्यावर आणतो आणि पुढे-मागे सरकू देतो. दोन, एखाद्या स्तंभावरून क्रम लावून देतो. तीन, अट घालून चाळतो : ‘गाव’ या स्तंभात ‘सिन्नर’ असेल तेवढ्याच ओळी दाखव. या तिसऱ्या कृतीत एक बारकावा आहे व नवशिके तिथेच अडखळतात. चाळणीने ओळी नष्ट होत नाहीत; त्या तात्पुरत्या दिसेनाशा होतात. चाळणी उठवली की तक्ता पूर्ववत. मात्र चाळणी लागलेली आहे हे विसरून कोणी उरलेल्या ओळींची बेरीज केली, तर उत्तर चुकते आणि चूक दिसतही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

आता ओसरीवरच्या प्रश्नांकडे परत येऊ. गाव कोणते, ज्ञाती कोणती, आडनाव काय : या एकामागून एक लावलेल्या चाळण्याच आहेत. पहिल्या उत्तराने बाड ठरते, दुसऱ्याने वही, तिसऱ्याने पान. हाच क्रम आज सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर दिसतो. महाभूलेखवर जिल्हा, तालुका आणि गाव क्रमाने निवडावे लागते, आणि त्यानंतर गट क्रमांक किंवा नाव टाकून शोध घेता येतो. शासनाने ही पायऱ्यांची रचना तीर्थोपाध्यायांकडून उचलली असे अर्थातच नाही. दोघांनाही एकाच अडचणीने त्या वाटेवर आणले : ढीग फार मोठा, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून वाचणे अशक्य.

चाळण्यांचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे. पहिला प्रश्न नावाचा नाही, कारण रामचंद्र आणि गोविंद गावोगावी असतात. पहिला प्रश्न आडनावाचाही नाही, आणि याचे कारण मराठी समाजात खोल आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही मुळात हुद्द्यांची नावे. एका गावचा कुलकर्णी आणि दुसऱ्या गावचा कुलकर्णी यांचा रक्ताचा संबंध असेलच असे नाही. कित्येक घरांनी दोन-तीन पिढ्यांत आडनाव बदलले : कोणी गावावरून ‘कर’ लावले, कोणी हुद्दा टाकून जुने उपनाम पुन्हा घेतले. गाव मात्र सहसा विसरत नाही. आणि आडनावाने घोटाळा केला तर कुलदैवत आणि गोत्र हे जादा स्तंभ हाताशी असतात. एका चाळणीत दोन घरे उरली, तर कुलदैवताच्या प्रश्नाने एक गळते.

ही सारी व्यवस्था एका विशिष्ट प्रश्नासाठी अतिशय उत्तम आहे : ‘या मनुष्याचे पूर्वज कोण?’ पण दुसरा कोणताही प्रश्न विचारून पाहा. शके १७०० साली त्र्यंबकला किती यात्रेकरू आले? दुष्काळाच्या वर्षी संख्या घटली का? अस्थी घेऊन येणारे अधिक की सिंहस्थाला येणारे? नामावळी मुकी होते. उत्तर तिच्यात आहे, परंतु तेथवर जाण्यासाठी प्रत्येक घरातील प्रत्येक बाडाचे प्रत्येक पान वाचावे लागेल.

हीच अडचण १९७० साली एका इंग्रज गणितज्ञाने नेमक्या शब्दांत मांडली. एडगर कॉड हा अमेरिकेत सॅन होझे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत होता. त्या वर्षी जूनमध्ये त्याचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्याची तक्रार अशी होती की, त्या काळच्या संगणकीय माहितीसाठ्यांत माहिती शोधणाऱ्यास ती कशी साठवली आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ओळी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत, कोणत्या सूच्या बनवल्या आहेत, कोणत्या वाटेने आत शिरायचे आहे, यांपैकी काहीही बदलले की शोध कोलमडतो. कॉडचे म्हणणे, या तिन्ही परावलंबनांतून वापरणाऱ्याची सुटका व्हावी. माहिती साध्या तक्त्यांत असावी, ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा, आणि कोणत्याही स्तंभावरून कोणताही प्रश्न विचारता यावा.

त्र्यंबकची नामावळी म्हणजे या तिन्ही परावलंबनांचे जिवंत उदाहरण. तिला क्रम आहे, सूची आहे आणि शिरण्याची वाट एकच आहे. शिवाय त्या सूचीचा मोठा भाग कागदावर नसतोच. तो उपाध्यायांच्या डोक्यात असतो. कोणत्या गावाचे बाड कोणत्या फडताळात, कोणते घराणे स्थलांतर करून कोणत्या गावच्या नोंदीत गेले, कोणत्या भावाच्या वाटणीला कोणता मुलूख गेला, हे त्यांना पाठ. वृत्तीची वाटणी झाली की वह्याही वाटल्या जात. एका घराण्याचा इतिहास अशा रीतीने दोन-तीन वाड्यांत विभागलेला सापडतो, आणि दुसऱ्या वाड्याची वाट पहिल्या वाड्यातूनच कळते.

अशा वह्यांतून इतिहास खरोखर लिहिता येतो का? येतो, आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण हरिद्वारचे आहे. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांच्यापुढे १९६० च्या दशकात एक जुने कोडे होते. कांगडा, गुलेर या पहाडी राज्यांतील चित्रे जगप्रसिद्ध, पण चित्रकार बहुतांशी अनाम. चित्रांवर सह्या अगदी थोड्या. गोस्वामींनी विचार केला तो असा : चित्रकारही माणसेच, त्यांच्या घरीही माणसे मरत, अस्थी घेऊन तेही गंगेवर जात. म्हणजे पंड्यांच्या बह्यांत ते असणारच. जमीन महसुलाच्या जुन्या नोंदी आणि या बह्या एकमेकींशी ताडून त्यांनी पंडित सेऊ आणि त्याचे दोन पुत्र, मानकू व नैनसुख, यांचे सारे घराणे उभे केले. नैनसुखाची १७६३ सालची स्वहस्ताक्षरातील नोंद हरिद्वारच्या बहीत मिळाली. आश्रयदाता बलवंतसिंह वारला होता, त्याच्या अस्थींच्या कार्यासाठी चित्रकार तेथे आला होता. १९६६ मध्ये गोस्वामींनी तीर्थक्षेत्रांच्या पुरोहितांकडील नोंदी हे सामाजिक व आर्थिक इतिहासाचे साधन आहे असे प्रतिपादणारा स्वतंत्र लेखच लिहिला. १९६८ मध्ये पहाडी चित्रशैलींचा आधार राज्य नसून घराणे आहे हा त्यांचा सिद्धान्त आला आणि त्या चित्रांचे वर्गीकरणच बदलले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ‘चित्रकार’ या शब्दाने शोधून काहीच हाती आले नसते, कारण बही व्यवसायावरून लावलेली नव्हती. आधी दुसऱ्या नोंदींतून गाव आणि ज्ञाती काढावी लागली, आणि त्या किल्लीने मग बही उघडली. डेटाबेसच्या भाषेत, दोन तक्ते एका सामाईक स्तंभावर जोडले. पडद्यावर हे काही क्षणांत होते. गोस्वामींना त्यासाठी गावोगाव हिंडावे लागले.

महाराष्ट्रात असे काम करावयाचे तर पहिला अडथळा शकाचा. ‘वर्ष’ या स्तंभावर क्रम लावणे सोपे वाटते. राक्षसभुवनची लढाई घ्या : १० ऑगस्ट १७६३. त्या दिवशी मराठी पंचांगात शके १६८५ होते. उत्तरेकडील यात्रेकरूच्या हिशेबी विक्रम संवत १८२०. गुजरातेतून आलेल्या यात्रेकरूचे वर्ष कार्तिकात बदलते, म्हणून त्याच्या लेखी अजून १८१९ चालू. पेशव्यांच्या दफ्तरी कारकून तेच वर्ष सुहूर सनात ‘अर्बा सितैन मया व अलफ’ असे अक्षरी लिहील, म्हणजे ११६४. फसली लिहिणाऱ्याकडे ११७३. एकच दिवस, पाच आकडे. हे सारे एका स्तंभात तसेच भरून कोणी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावला, तर राघोबादादा आणि माधवराव एकाच लढाईत साडेसहाशे वर्षांच्या अंतराने उतरतील.

यावर पंचांगातच एक तोड आहे. मराठी नोंदीत शकासोबत संवत्सराचे नाव येते. शके १६८५ हा सुभानु संवत्सर. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे, त्यामुळे शकात बारा मिळवून साठाने भागले की उरलेली बाकी संवत्सराचा अनुक्रम सांगते : १६९७ भागिले ६०, बाकी १७, आणि सतरावा संवत्सर सुभानु. नकलताना कोणी आकडा चुकवला तर नाव जुळत नाही आणि चूक पकडली जाते. आकडा फाटून गेला असेल आणि केवळ नाव उरले असेल, तरी शक्यता साठ-साठ वर्षांच्या अंतरावरच राहतात : शके १६८५ नाही तर १७४५. तेवढ्यावर अक्षराचे वळण निर्णय देऊ शकते. सिंहस्थाचा उल्लेख असेल तर काम आणखी सोपे, कारण गुरू सिंह राशीत सुमारे बारा वर्षांनीच येतो.

दुसरा अडथळा लिपीचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही. लिहिण्याच्या वेगासाठी बनलेली ही लिपी. तिला तो चैनीचा वाटला. त्यामुळे लिप्यंतर करणारा एकदा ‘निलकंठ’ लिहितो, एकदा ‘नीलकंठ’. कुळकर्णी-कुलकर्णी आहेतच. पुरोहिताच्या डोळ्यांना ही एकच माणसे. संगणकाची चाळणी मात्र ‘बरोबर’ या चिन्हाला अक्षरशः जागते, आणि तिच्या लेखी हे चार जण.

बालबोध लिपीतही सुटका नाही. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या नावांतील ‘ऱ्ह’ संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो : एकदा नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. पडद्यावर आणि छापल्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी. आत मात्र संकेत वेगळे. चाळणीत एका रीतीने ‘कऱ्हाडे’ टंकले आणि तक्त्यात दुसऱ्या रीतीने भरलेले असले, तर उत्तर येते : शून्य ओळी. हे ठाऊक नसलेला मनुष्य मानतो की त्या घराण्याची नोंदच नाही. अनुभवी मनुष्य पूर्ण नावाऐवजी नावाचा एखादा निर्धोक तुकडा टाकतो आणि जे येईल ते डोळ्यांनी तपासतो. ओसरीवरचे उपाध्याय पान उलटताना हेच करतात.

येथवर हा प्रश्न अभ्यासकांचा वाटू शकतो. तो तसा नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात बत्तिसाव्या कलमाचे पाचवे पोटकलम होते. नात्याविषयी विशेष माहिती असलेल्या, आणि आता हयात नसलेल्या व्यक्तीने वाद उद्भवण्यापूर्वी केलेले विधान न्यायालयात ग्राह्य धरता येते, असा त्याचा आशय होता. वारसाहक्काच्या आणि दत्तकाच्या वादात पुरोहिताच्या वहीतील पणजोबांची सही याच वाटेने महत्त्व पावते. ‘वाद उद्भवण्यापूर्वी’ हे शब्द येथे कळीचे आहेत. श्राद्धाला आलेला मनुष्य शेताच्या हिश्श्यासाठी खोटे बोलत नसतो, निदान त्या क्षणी तरी. तथापि वही ज्या कुटुंबाच्या ताब्यात तिचा यजमानावर हक्क गुंतलेला, हेही न्यायाधीशास विसरता येत नाही, आणि मागाहून घुसडलेली ओळ ओळखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद असलेल्या मराठा कुटुंबांना प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम. पुढे शोधाची व्याप्ती राज्यभर गेली. ऑक्टोबरअखेर पहिल्या अहवालाच्या वेळी सांगितले गेले की, सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. म्हणजे साधारण दीड हजार ओळींमागे एक. हजारो कुटुंबांचे शिक्षण आणि नोकरी एका स्तंभातील एका शब्दाच्या चाळणीवर येऊन ठेपली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आणि मग तोच जुना प्रश्न : कुठे शब्द पूर्ण, कुठे संक्षेप, कुठे उर्दूत, कुठे वाळवीने खाल्लेला. ज्याच्या खापरपणजोबांची ओळ सापडली त्याला कागद मिळाला. ज्याची ओळ वाळवीच्या वाट्याला गेली, त्याला ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद सापडली नाही’ यांतील फरक समजावून सांगण्यात काय अर्थ होता?

समुद्रापलीकडे गेलेल्यांची कथा आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांची तेथे नोंद झाली ती क्रमांकाने. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती कागदपत्रे आहेत. क्रमांक ठाऊक असेल तर ओळ चटकन मिळते. यंत्राला याहून सोयीची किल्ली नाही. परंतु गावाचे नाव परक्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले, आणि अनेक कुटुंबांत मूळ पुरुषाचे पहिले नावच पुढे आडनाव होऊन बसलेले. असा वंशज त्र्यंबकच्या ओसरीवर येतो तेव्हा त्याच्याजवळ क्रमांक असतो, आणि वही विचारते गाव. दोन तक्ते आहेत, दोन्हींत बहुधा एकच माणूस आहे, आणि त्यांना जोडणारा सामाईक स्तंभच नाही.

मग सगळ्या नामावळ्या संगणकावर आणल्या तर? युटाह येथील वंशावळी संस्थेने हरिद्वारसह उत्तरेतील काही क्षेत्रांच्या बह्यांचे सूक्ष्मपट घेतले. त्यामुळे कागद आगीपासून आणि वाळवीपासून वाचतो, हे काही थोडे नव्हे. तथापि छायाचित्र म्हणजे तक्ता नव्हे. चित्रात ‘गाव’ हा स्तंभ नसतो; कोणीतरी मोडी वाचून ओळ न् ओळ भरेपर्यंत पडद्यावर पाने उलटणे आणि ओसरीवर पाने उलटणे यांत फारसा भेद नाही. ओसरीवर निदान पाने उलटणारा जाणता असतो.

ओळ न् ओळ भरली, असे मानू. त्या दिवशी कॉडने मागितले ते सारे हाती येईल. दुष्काळाच्या वर्षांचे आकडे, कोणत्या ज्ञातीचे लोक कोणत्या दशकात प्रथम दिसू लागतात, रेल्वे आल्यानंतर यात्रेकरूंची गावे किती लांबची झाली, सगळे. त्याच दिवशी दुसरेही काही घडेल. आज एखाद्याच्या घराण्याची ओळ पाहण्यास त्याच घराण्याचा मनुष्य लागतो, आणि उपाध्याय समोरच्याला पारखूनच बाड सोडतात. खुल्या तक्त्यात कोणीही कोणाचीही ज्ञाती, दत्तक, दुसरे लग्न चाळून काढू शकेल. उपाध्यायांच्या घराण्याची वृत्ती ज्या ज्ञानावर उभी आहे, तेही त्याच क्षणी सार्वजनिक होईल. वह्या द्यावयास ती घराणी कचरतात याला केवळ जुनाटपणा म्हणणे सोपे आहे, पण अन्याय्य आहे.

आणि आता त्या विसरलेल्या चाळणीकडे. नामावळीत जो दिसतो तो त्र्यंबकपर्यंत येऊ शकलेला मनुष्य. ज्याच्याजवळ वाटखर्च नव्हता, ज्याला कुशावर्तावर उतरू दिले जात नव्हते, त्याची ओळ लिहिलीच गेली नाही. ही चाळणी तक्ता बनण्यापूर्वीच लागलेली आहे. ती उठवण्याचे बटण कोणत्याही प्रोग्रामात नाही. नामावळीवरून ‘महाराष्ट्रातील कुटुंबे’ असे विधान करणाऱ्याने हे वाक्य आधी लिहून ठेवावे.

स्त्रियांचे काय? त्या आहेत, आणि अर्ध्याच आहेत. यजमानाच्या ओळीत बायकोचे नाव येते, आईचे येते, कधी आजीचेही. पण ते सासरचे नाव, आणि त्या काळी लग्नात नाव बदलण्याची रीत सर्रास होती. माहेरचे गाव, बापाचे नाव हा स्तंभ पुष्कळदा कोरा. माहेरच्या वहीत मुलगी म्हणून तिचा उल्लेख असलाच, तर लग्नानंतर ती तेथून नाहीशी होते, कारण आता तिचे उपाध्याय दुसरे. डेटाबेसमध्ये कोऱ्या चौकटीचा नियम विचित्र आहे : कोरे हे कशाच्याही बरोबरीचे नसते आणि कशाहून निराळेही ठरत नाही. ‘माहेर नाशिक आहे’ अशी चाळणी लावा, या स्त्रिया गळतात. ‘माहेर नाशिक नाही’ अशी उलट चाळणी लावा, त्या तरीही गळतात. ‘कोरे आहे’ असे वेगळे विचारले तरच त्या समोर येतात.

तेव्हा कोणाला आपल्या आजोबांच्या आईचे माहेर शोधायचे असेल, तर त्र्यंबकच्या एका ओसरीवर ते सहसा उलगडत नाही. सासरच्या वहीतून तिचे नाव आणि लग्नानंतरच्या पहिल्या भेटीचा शक मिळतो. मग घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावे लागते : पहिल्या बाळंतपणाला ती कोणत्या गावी गेली होती? ते गाव कळले, की त्या गावचे उपाध्याय कोण हे विचारत दुसऱ्या वाड्यात जायचे.